गॅलरीतला आवाज

न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर त्या उन्हाळ्यात प्रत्येक खिडकीतला पियानो समोरच्या खिडकीवर भुंकत होता. गाणी छापून विकणाऱ्या ऑटो हेलमनच्या कचेरीत लेझर पिंचुक उभा होता, नुकतंच आपलं नवं गाणं पियानोवर ऐकवून. त्याची बहीण बारा तास शिलाईयंत्र चालवी. त्या यंत्राच्या धडधडीतूनच ही चाल त्यानं उपसून काढली होती.

नामांकित गायिकेनं गाणं रंगमंचावर म्हणायचं, तर मुखपृष्ठावर कर्ती म्हणून तिचंही नाव घालायचं, हा त्या रस्त्याचा दस्तूर. लेझरची अकरा गाणी तशीच निघाली होती. बाराव्याला गायिकेला निराळंच हवं होतं.

"एकटीचंच नाव?" लेझरनं विचारलं.

फ्लोरेन्स डेव्हरो हातमोजा ओढत म्हणाली, "दोन नावं म्हणजे किराणा दुकानाची पाटी वाटते. त्यातून पिंचुक! हे नाव आहे की शिंक?"

हेलमन खदखदला. "तुम्ही म्हणाल तसं, बाई."

"साहेब, अकरा वेळा मी अर्धा राहिलो."

"मग शून्य व्हायला कितीसा वेळ लागतोय? बाई नाही गायल्या, तर तुझं गाणं उंदीर गातील. आणि ऐक, शनिवारी दुपारच्या खेळाला गॅलरीत बसायचं. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे, गायिकेचं ध्रुवपद संपताच गॅलरीत साधा प्रेक्षक म्हणून बसलेल्या लेझरनं भारावून उठायचं आणि तेच पुन्हा गायचं. मग सारं नाट्यगृह मेंढरांसारखं मागोमाग गाई आणि जाताना प्रती विकत घेई. लेझरइतका अस्सल भारावलेला माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता.

शनिवारी फ्लोरेन्स गायली, गायली छानच. ध्रुवपद संपलं आणि तिनं हसून गॅलरीकडे हात पसरला. लेझरच्या कंठात ती चाल गिळलेल्या निखाऱ्यासारखी जळत होती. त्यानं कठडा घट्ट धरला आणि तो बसून राहिला. वादकांनी त्याच दोन ओळी पुन्हा वाजवल्या. मग आणखी एकदा. पसरलेला हात हवेत लाकडासारखा ताठरला.

"बाई, पुढचं घरी जाऊन आठवा!" खालून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. त्या हशातच पडदा पडला.

रंगमंचामागे हेलमननं लेझरची कॉलर धरली. "तोंडात बोळा कोंबला होता का रे तुझ्या?"

"प्रेक्षक भारावला नाही, साहेब."

चेहऱ्यावरचा रंग ओरबाडत फ्लोरेन्स आली. "हा कचरा माझ्या नावावर? शिकागोपर्यंत हसतील लोक! हेलमन, सगळी मुखपृष्ठं फाडा. ज्याचा कचरा, त्याचं नाव घाला. एकट्याचं!"

हेलमनच्या डोळ्यांत सावकाश एक दुष्ट समाधान उतरलं. "ऐकलंस? एकट्याचं. चांगलं ठळक टाकतो. पडलेल्या गाण्याचा धनी म्हणून ओळखतील तुला. यापुढे या रस्त्यावर एकही पियानो तुला शिवू देणार नाही."

गाणं मेलं होतं. ते आपणच मारलं, हे लेझरला पुरतं ठाऊक होतं. पण खेद कितीही चाचपला तरी हाती लागेना.

"मग आजच छापायला द्या," तो म्हणाला. त्याची कॉलर अजून हेलमनच्या मुठीत होती. ती सोडवून घेण्याची त्याला मुळीच घाई नव्हती.