जस्ताची पेटी

टीव्हीवर अमेरिकेचा अध्यक्ष मोडक्यातोडक्या रशियनमध्ये "विश्वास ठेव, पण तपासून बघ" ही म्हण म्हणाला आणि आपल्या सोव्हिएत सरचिटणिसाला हसू फुटलं, तेव्हा सावेलीही हसला. त्याची बायको कापितोलिना, घरची कापा, मात्र उखडली.

"ही तर माझ्या आईची! दूधवालीशी गोड बोलायची, पण तिच्या कॅनमध्ये बोट बुडवल्याशिवाय दूध घ्यायची नाही. बुडवताना हेच म्हणायची. यांना कुणी विकली?"

"विकली नाही गं, ढापली," सावेली म्हणाला.

मग त्या दोघांनी सही केलेला, क्षेपणास्त्रं मोडीत काढायचा करार अमलात आला. उरालमधल्या त्यांच्या गावात अमेरिकन तपासनीस थेट कारखान्याच्या दाराशी घरं बांधून राहिले. काय बनवता असं विचारलं की जिथले कामगार निमूटपणे "धुण्याची यंत्रं" म्हणत, तिथे आता परके लोक फीत धरून मालगाडीचे डबे मोजू लागले. वर्षातून काही वेळा क्षेपणास्त्राची बंद नळी उघडून बघायचाही त्यांना हक्क होता. सावेली दारावरचा मुकादम. 'क्षेपणास्त्र' हा जो शब्द त्याने घरात जन्मात उच्चारला नव्हता, तो आता रोज पेपरात छापून येत होता.

पुढच्या वसंतात, मृतांना अंडी वाहायच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, कापा सॉसेजच्या रांगेतून परतली आणि बटाटे सोलायला बसली.

"सावा, ती नळी ते खरंच उघडून बघतात?"

"करारात तसं आहे."

"आणि तू उघडून देतोस."

"मी कोण देणारा? मॉस्को देतं."

"मॉस्को अमेरिकेला देतं. मला माझ्या पोराची पेटी नाही दिली कुणी उघडून."

 वेन्या, त्यांचा एकुलता एक, नऊ वर्षांपूर्वी गेला. ट्रक उलटला, असं कापाला सांगितलं होतं. खरं तर कारखान्याची इंधन कालवायची शेड उडाली होती आणि तिथे कामाला असलेला वेन्या तिच्या मधोमध होता. हाती काही लागलं नाही. सावेली तेव्हा कारखान्यात पत्रे सांधायचं झाळकाम करायचा. साहेबांनी त्यालाच बोलावून जस्ताची रिकामी शवपेटी पुढे ठेवली. खांदेकऱ्यांना हलकी लागू नये म्हणून त्याने तिच्यात वाळू भरली, पत्रा झाळून बंद केला आणि तोंड न उघडण्याच्या कागदावर सही केली. त्याच पेटीवर कापा कपाळ आपटत होती, तेव्हा तिला आवरायलाही तोच होता. खरं कळलं तर ती मरेल, असं तो स्वतःला बजावत आला. खरं तर भीती होती ती तिच्या नजरेची.

"चेहरा तरी धड होता का रे त्याचा? एवढंच सांग."

"ट्रक उलटला, कापा, तेव्हा..."

"ट्रक गेला खड्ड्यात! परक्यांना सगळं उघडून दाखवायचं आणि पोराच्या आईला ट्रक?"

मग तो बोलला. शेड, पेटी, वाळू, सगळं. बोलताना हुंदका आवरेना त्याला.

कापा रडली नाही. तिने गॅस बंद केला आणि त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"ट्रकचं सांगतानाही असाच रडला होतास."

"आता खरं बोलतोय. वेन्याची शपथ!"

"शपथ तेव्हाही घेतलीस. मी उकरायला जाईन या भीतीनं ही वाळूची गोष्ट रचलीस. त्याची दशा मला दिसू नये म्हणून. माझं पोर तिथंच आहे."

"काही नाही गं तिथं..."

"बघेन, मग मानेन."

तिने मागच्या खोपटातून फावडं काढलं आणि ती चालू लागली. एकटीला कसं जाऊ द्यायचं? तोही फावडं घेऊन मागे निघाला.

दफनभूमीत संध्याकाळचं कुणी नव्हतं. बर्फ वितळून माती भुसभुशीत झाली होती. कापा न थांबता खणत होती आणि मधूनच "आले रे, आले" म्हणत होती. सावेली तिच्या समोर उभा राहून खणू लागला. पेटीत काय आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी प्रत्येक फावड्यागणिक तो मनात एकच धावा करत होता, की आपण आज खोटं बोललो असू दे.