आईची कॉलर

पाद्री गळ्याशी घालतात त्या कॉलरची पांढरी पट्टी साधारण तीन सेंटीमीटर रुंद होती आणि तिची एक कड किंचित वाकडी कापली गेली होती. विकतची पट्टी हरवली की आई भांडी घासायच्या साबणाची पांढरी प्लॅस्टिकची बाटली कापून अशी घरची पट्टी बनवायची. छपाईची बाजू आत.

मिस्टर पास्क यांनी ती माझ्यासमोर टेबलावर ठेवली. गावातल्या सगळ्यांच्या अंत्यविधीची तयारी तेच करतात.

"कपड्यांचं ठरलं, लोर्ना. पण चर्चमध्ये शवपेटी कशी ठेवायची? तीनदा विचारलं तुला. आज सांगावंच लागेल."

आमच्या चर्चमध्ये इतरांची पेटी पाय वेदीकडे करून ठेवतात. धर्मगुरूची उलटी: डोकं वेदीकडे, तोंड लोकांकडे. आई अकरा वर्षं या गावची धर्मगुरू होती.

"त्यात विचारायचं काय?" विल्फ्रेडमामा म्हणाला. तो आईचा, म्हणजे हेस्टरचा, थोरला भाऊ आणि चर्चचा कारभारी. "कॉलर घाला हवी तर. झाकणाखाली कोण बघतंय? पण पेटी सगळ्यांसारखीच."

"ती सगळ्यांसारखी नव्हती, मामा."

"बाई होती. बिशपनं डोक्यावर हात ठेवला म्हणून बाई पाद्री होत नाही."

अकरा वर्षांत त्याने तिच्या हातून पवित्र भाकर घेतली नाही. रविवारी सकाळी गाडी काढून तो शेजारच्या गावच्या चर्चला जायचा. दुपारी मात्र आमच्या टेबलावर तिने भाजलेलं मटण दोनदा वाढून घ्यायचा. जेवताना वाद नको, हा आईचा नियम. म्हणून मीही काही बोलत नसे.

"मामी गेली तेव्हा प्रार्थना कोणी म्हटल्या?" मी विचारलं.

"तेव्हा दुसरं कोणी मोकळं नव्हतं."

मिस्टर पास्क खाकरले. "होतं की, विल्फ. मीच फोन करून ठेवला होता. तू म्हणालास, हेस्टरच हवी."

मामाचे कान लाल झाले. "ते बहीण म्हणून."

"बहीण रडते, मामा. कबरीपाशी उभं राहून मामीला देवाच्या हवाली केलं, ते कोणी?"

तो उठला. "पेटी उलटी ठेवलीस तर मी खांदा देणार नाही. लोक काय म्हणतील ते तू बघ."

"नको देऊस. मिस्टर पास्कांकडे माणसं आहेत." मी त्यांच्याकडे वळले. "डोकं वेदीकडे. आई लोकांकडे तोंड करूनच जाईल."