चार नंबरची शिवण

तिसरा पट्टाही तुटला.

लोखंडी चौकटीत ताणलेली शिवण आधी नुसती कुरकुरली, मग एका टोकापासून फटाफट तुटत गेली आणि खाली टांगलेलं वजन वाळूच्या पेटीत धप्पकन पडलं. मिस्त्रींनी यंत्र बंद केलं. चाचणी घेणाऱ्या तरुण इंजिनिअरनं वहीत आकडा लिहिला आणि पट्ट्याचं तुटलेलं टोक खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

"पाचातले तीन," मिस्त्री म्हणाले. "बाई, हे काही खरं नाही."

पट्टे उंचावर काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचे होते. इमारती रंगवणारे, काचा पुसणारे, मनोऱ्यांवर चढणारे. सहाशे पट्टे शिवणविभागात थप्प्या लावून तयार होते आणि ट्रक फाटकाशी येऊन लागला होता. तिची सही झाली की माल खोक्यांत भरायचा. पदवी घेऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. शिवणविभागातल्या बायका तिला 'इंजिनिअरबाई' म्हणत. अर्ध्या कौतुकानं, अर्ध्या चिडवायला.

ती अहवाल आणि तुटलेला पट्टा घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि हसून तिच्याकडे परत सरकवला.

"दुसरे पाच घ्या. त्यात नाही जमलं तर आणखी पाच. पास झालेले पाच मिळाले की ते लिहा."

"तसं करायचं तर चाचणी कशाला करायची, साहेब?"

"तुम्ही नवी पोरं फार लवकर घाबरता. वर चढणारा माणूस काय रोज पडतो?"

"एकदाच पडतो."

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातला जीव गेला. नव्या पदवीधरांसाठी कंपनीनं शिबिर भरवलं होतं, तेव्हा याच माणसानं मूल्यं जपणाऱ्या नेतृत्वावर तासभर व्याख्यान दिलं होतं. चूक दिसली की हात वर करा, असं ते म्हणाले होते. तिनं ते वाक्य लिहून घेऊन खाली रेघही मारली होती. आता ती रेघ आठवून तिचे कान तापले.

"कारण काय लिहिलंय तुम्ही? धागा?"

"हो. टाका सुटलेला नाही, धागा तुटलाय. नवी रिळं आल्यापासूनचा माल आहे हा."

"रिळं मी मागवली आहेत." साहेब खुर्चीत मागे रेलले. "नापासच करायचं असेल तर करा. पण मग कारण शिवण. शिवण कच्ची, असं लिहा. चार नंबरच्या लाइनवर कोण मुख्य आहे, ते मी सांगायला नको."

ते खरंच सांगायला नको होतं. चार नंबरची लाइन मावशीची होती. आई गेल्यावर हिला पदराखाली घेणारी, हिच्या कॉलेजसाठी वर्षानुवर्षं दोन-दोन पाळ्या ओढणारी मावशी. घरी सुईत दोरा ओवायला मावशी आता हिलाच हाक मारी. पण मशीनवर बसली की डोळे मिटूनही टाका सरळ येई.

तिनं पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. साहेब वाट बघत होते.

"मी पास लिहिणार नाही," ती म्हणाली, "आणि शिवण कच्ची असंही लिहिणार नाही."

"ठीक." साहेबांनी खणातून कोरा अहवाल काढला, दोन मिनिटांत भरला आणि खाली स्वतःची सही ठोकली. "अधिकार मलाही आहे. चला, माल भरायला सांगू. तुम्हीही या."

शिवणविभागात चार नंबरच्या लाइनपाशी येताच त्यांनी हात वर करून मशीनं थांबवायला लावली. अठरा मशीनं एकेक करत गप्प झाली.

"बायांनो, ऐका. या तुमच्या इंजिनिअरबाईंनी माल नापास केला होता. यांच्या मते चार नंबरची शिवण कच्ची आहे." ते थांबले. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "मी मात्र तुम्हाला ओळखतो. मी पास केलाय. भरा खोकी."

"मी असं म्हटलेलं..." तिचं वाक्य कुजबुजीत बुडालं. एक बाई दुसरीच्या कानाशी लागली. पुढच्या मशीनवरची, रोज हिला डब्यातला घास देणारी, तोंड फिरवून बसली. मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि उठली.

"बघू," तिनं हात पुढे केला.

तुटलेला पट्टा अजून भाचीच्या हातातच होता. मावशीनं तो घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला, धाग्याचं टोक नखानं पिंजलं. मग दातांत धरून एक हिसका दिला. धागा कापसासारखा तुटला. मावशीनं दोन्ही टोकं बघितली, भाचीकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते तिला कळेना. लहानपणी मार बसण्याआधी असंच बघायची मावशी.

"कच्ची म्हणाली ही?" मावशीनं साहेबांना विचारलं.

"लेखी देत होती."

"बरं झालं सांगितलंत." मावशी थप्प्यांपाशी गेली. सगळ्यात वरचा पट्टा उचलून मांडीवर घेतला, कमरेची छोटी कात्री काढली आणि पहिला टाका कापला.

"अहो मावशी! काय चाललंय हे?"

"उसवतेय."

"मी माल पास केलाय!"

"तुम्ही केलात," मावशी म्हणाली. "आम्ही नाही केला. तेवीस वर्षांत माझ्या लाइनची कच्ची शिवण या दारातून बाहेर गेली नाही. कच्ची आहे म्हणता, तर उसवून नव्यानं घालू. पण जुन्या रिळांनी. या नव्या रिळांचा धागा तुटतो, हे मी स्टोअरवाल्याला दोनदा सांगितलंय. तेव्हा त्याला ऐकू आलं नाही."

पुढच्या मशीनवरची बाई जागची उठली. तिनं थप्पीतले दहाएक पट्टे बगलेत मारले आणि आपल्या जागेवर नेऊन टाकले. मग तिच्या शेजारची उठली. थोड्याच वेळात नुसता कात्र्यांचा आवाज येऊ लागला, पाखरं दाणे टिपतात तसा.

"एकेकीचं नाव लिहून घेईन," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "एकेकीचं!"

"लिहा की," मावशी मान वर न करता म्हणाली. "फक्त माझं नीट लिहा. तेवीस वर्षं हजेरीत चुकीचं लिहिताय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू लाइनभर पसरलं आणि साहेब फोन कानाला लावून बाहेर गेले.

ट्रक संध्याकाळी रिकामाच परत गेला. चार नंबरच्या अठराजणींना एकदम काढणं कंपनीला झेपणारं नव्हतं. इंजिनिअरबाईंना काढणं सोपं होतं, आणि महिनाअखेरीस तिला तसं पत्र मिळालंच. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ती अजून तिथंच उभी होती, तुटलेल्या पट्ट्याशिवाय आता हातांचं काय करावं ते न कळून.

"मावशी, मी खरंच तसं नव्हते म्हणाले."

"मग मला काय कळत नाही?" मावशीनं पायानंच शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "उसवता येतं का?"

"नाही."

"एवढी शिकलीस आणि..." मावशीनं आपली कात्री तिच्या हातात दिली, तिची बोटं धरून पाती शिवणीखाली नीट सरकवली. "ओढायचं नाही. दर तिसरा टाका कापायचा, मग धागा आपोआप निघतो. आणि पट्ट्याला लागू देऊ नकोस. पट्टा चांगला आहे."