बोटभर तोकडा पाय

मी एक जुनी लोखंडी घडवंची आहे, मित्रांनो. तीन पायऱ्या, चार पाय, उंची माणसाहून थोडी जास्त. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या एका गॅरेजात, बर्फ ढकलायचे यंत्र आणि गाडीचे जास्तीचे टायर यांच्यामध्ये मी उभी असते. माझ्या अंगाखांद्यावर हंडे चढवून घरची बिअर करतात. नाक मुरडू नका. मला तिची चव ठाऊक नाही. लोखंडाला चव कळत नाही, फक्त चटका कळतो, आणि पुढे पुढे त्याचेही काही वाटेनासे होते.

मला दोन भावांनी घडवले. थोरला डेलमार व्होग्ट जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. धाकटा एर्विन गावच्या चीजच्या कारखान्यात होता. त्यांच्या आईचे घर विकले तेव्हा माळ्यावर दोन लोखंडी खाटा निघाल्या. लहानपणी दोघे त्यांवर झोपत. भंगारवाल्याला द्यायला एर्विनचा जीव होईना, आणि घरात ठेवायला डेलमारची बायको आर्लीन तयार होईना. तेव्हा डेलमार म्हणाला की या दोन्हींची मिळून एक घडवंची करू. तसा माझा जन्म झाला.

जानेवारी होता. गॅरेजात हात गोठत होते, म्हणून मला तळघरात जोडायला घेतले. तिथे आर्लीनच्या चादरी वाळत होत्या. आठवडाभर त्यांना वेल्डिंगच्या धुराचा वास येत होता आणि आठवडाभर दोघा भावांना थंड जेवण मिळत होते. डेलमार प्रत्येक तुकडा तीनदा मोजून कापायचा. वरच्या पायरीवर गरम पाण्याचा हंडा, मधल्या पायरीवर मोड आणून वाळवलेल्या जवांचा हंडा, खाली उकळायचा हंडा, आणि वरच्या व खालच्या हंड्याखाली गॅसची शेगडी. पाणी वरून खाली आपोआप उतरणार, पंपाची कटकट नाही. काम नामी झाले होते.

शेगडी बंद तळघरात पेटवता येत नाही, धुराने माणूस मरतो. म्हणून मला वर न्यायला निघाले, तर जिन्याच्या वळणावर मी अडकले. एक भाऊ वर, एक खाली, मध्ये मी. पाऊण तास ढकलाढकली झाली. शेवटी आर्लीनने वरून विचारले, "जिन्याचं माप कुणी घेतलं होतं?"

 हा प्रश्न पुढे अकरा वर्षे ती प्रत्येक सणाला जेवणाच्या टेबलावर वाढत राहिली.

माझे चारही पाय कापून, वर नेऊन, पट्ट्या आणि बोल्ट लावून जोडायचे ठरले. तीन पाय डेलमारने कापले. एर्विन म्हणाला, एक तरी मला कापू दे. त्याने तो वाकडा कापला, मग सरळ करायला गेला, तो दुसऱ्या बाजूने वाकडा झाला. असे करता करता माझा चौथा पाय बोटभर तोकडा झाला.

"हे लोखंड आहे, एर्विन," डेलमार म्हणाला. "चीज नाही, अंदाजाने कापायला."

दुसऱ्या दिवशी एर्विन लाकडाचा एक तुकडा घेऊन आला. कारखान्यात चीज पिकत ठेवायच्या जुन्या फळीतून त्याने तो बरोबर बोटभर जाडीचा कापला होता, आणि वर पेन्सिलने लिहिले होते, 'ही बाजू वर'. चौथ्या पायाखाली तो सरकवला की मी डुगडुगायची थांबे. डेलमारला मात्र ते पाहवेना. जहाजे जोडणाऱ्या माणसाच्या घरची घडवंची लंगडी! तो म्हणाला, लोखंडाचा तुकडा जोडून टाकतो, दहा मिनिटांचे काम आहे.

तेव्हा एर्विन जे बोलला ते मला अजून आठवते. "आणि मी इथं येऊन काय करू? जव तू दळतोस, पाणी तू तापवतोस, हॉप्सची कडू फुलं तू मोजतोस. मला हे एवढंच काम आहे, तेवढं राहू दे."

डेलमारने तेवढे राहू दिले.

त्या फळीला चीजचा वास होता आणि तो कधी गेला नाही. घरचा कुत्रा बस्टर याने ती दोनदा पळवली, एकदा तर अंगणात पुरली. तेव्हापासून एर्विन काम झाले की ती आपल्या तपकिरी कोटाच्या खिशात घालून घरी नेऊ लागला. महिन्यातून एका शनिवारी सकाळी तो यायचा, गुडघे टेकायचा, फळी पायाखाली सरकवायचा आणि वरच्या पायरीवर पाणसळ ठेवून बुडबुडा बघायचा. मग म्हणायचा, "सरळ." तो शब्द ऐकल्याशिवाय डेलमारने अकरा वर्षांत कधी काडी पेटवली नाही. माझ्या माथ्यावर उकळत्या पाण्याचा हंडा असे, त्यामुळे ते बरोबरच होते.

माझे कौतुकही झाले. जिल्ह्याच्या जत्रेत आमच्या बिअरला दुसरा नंबर मिळाला, ती लाल फीत त्यांनी मला बांधली आणि पुढच्याच शनिवारी ती शेगडीवर अर्धी जळाली. शेजारी मला बघायला यायचे. अडगळीत माझा थाट वासरांत लंगडी गाय शहाणी असाच होता.

मग एर्विनच्या मुलीचे, लोर्नाचे, लग्न ठरले. जूनचा शेवटचा शनिवार. लग्नाची दोन पिंपे आपण भरायची, असे दोघा भावांनी तिला माझ्यासमोर कबूल केले. दुकानातली बिअर आणून तोंडघशी पाडू नका, असे तिने बजावले. बिअर सहा आठवडे मुरावी लागते, म्हणजे मेच्या मध्याच्या आत ती उकळायला हवी होती.

फेब्रुवारीत एर्विन आपल्या दारातला बर्फ फावड्याने काढता काढता पडला. उठला नाही.

दफन झाल्यावर डेलमार काळ्या सुटातच गॅरेजात आला आणि माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. नंतर कोपऱ्यातला एक टायर उचलून त्याने माझ्या मधल्या पायरीवर ठेवला आणि आत गेला. मला फार वाईट वाटले असे मी सांगणार नाही. माझ्यावर टायर होता आणि मी तो धरून होते, एवढेच. मार्चमध्ये आर्लीनने वरच्या पायरीवर फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या, त्याही मी धरल्या. डेलमार रोज गाडी आत लावायचा, बाहेर काढायचा, आणि माझ्याकडे बघायचा नाही. एकदा तो आर्लीनला म्हणाला, "मला काही होतच नाहीये गं. रडूसुद्धा येत नाही."  तिने कुंडीला पाणी घातले.

लोर्नाचे फोन येत होते. डेलमार दर वेळी 'बघू' म्हणायचा. एप्रिल संपला. आर्लीन त्याला म्हणाली, नसेल करायची तर नको, पण पोरीला तसे सांग, ती वाट बघतेय. तो म्हणाला की ते एकट्याचे काम नाही. मी दुसऱ्या बाजूला उभी राहते, असे ती म्हणाली. त्यालाही तो नको म्हणाला. फळी कुठे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. ती एर्विनच्या कोटाच्या खिशात होती, आणि ती मागायला भावाच्या दारात जाणे त्याला जमत नव्हते.

मेचा दुसरा शनिवार हा शेवटचा दिवस होता. सकाळीच डेलमारने टायर काढला, कुंड्या उतरवल्या, मला आडवी केली आणि वेल्डिंगचे यंत्र ओढत आणले. हातात बोटभर लांबीचा लोखंडी तुकडा होता.

"हे काय चाललंय?" आर्लीनने दारातून विचारले.

"पाय जोडून टाकतो. मग कुणी लागणार नाही."

त्याने माझ्या चौथ्या पायाचा गंज घासून टोक चकचकीत केले. अकरा वर्षांनी मी धड होणार होते. बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. त्याने वेल्डिंगचा मुखवटा चढवला, तेवढ्यात दारात गाडी थांबली.

लोर्ना आली होती. मेमध्येही आमच्याकडे सकाळी गारठा असतो, तिच्या अंगात बापाचा तपकिरी कोट होता आणि बाह्या बोटांच्या खाली आल्या होत्या. तिने आडव्या पडलेल्या माझ्याकडे पाहिले आणि पाठ करून आणल्यासारखे बोलून टाकले.

"काका, बिअरचं राहू दे. मी दुकानात सांगून आलेय. तुला ओझं नको."

डेलमारने मान हलवली. मुखवट्याआड त्याचा चेहरा दिसत नव्हता. ती जायला वळली, आणि पुन्हा थांबली.

"एक विचारायचं होतं. बाबांच्या खिशात हे सापडलं. चीजचा वास येतो. काय आहे ते कळत नाही, पण टाकवत नाही."

तिच्या तळहातावर ती फळी होती. बस्टर आता म्हातारा झाला होता, तरी वासावर उठून आला.

डेलमारने मुखवटा वर केला. लोखंडी तुकडा त्याच्या हातून खाली पडला आणि तो कुणी उचलला नाही. तो म्हणाला, "माझ्याकडे देऊ नकोस. आधी हिला उभी करायला हात लाव."

दोघांनी मला उभी केली. मी डुगडुगले. लोर्नाने गुडघे टेकले आणि फळी पायाखाली उलटी घातली.

"काय लिहिलंय ते वाच," तो म्हणाला.

तिने बापाचे अक्षर वाचले, फळी उलटवली आणि नीट सरकवली. डेलमारने तिच्या हातात पाणसळ दिली. तिने ती वरच्या पायरीवर ठेवली, टाचा उंचावून पाहिले आणि सांगितले की बुडबुडा मधोमध आहे.

"तसं नाही. 'सरळ' म्हणायचं."

"सरळ," लोर्ना म्हणाली.

डेलमारने काडी पेटवली. आता वेल्डिंग करायचे नव्हते, तरी त्याने मुखवटा पुन्हा तोंडावर ओढून घेतला, आणि पाणी उकळेपर्यंत काढला नाही. आर्लीनने लोर्नाला आत नेले आणि बिअर नको असे कळवायला दुकानात फोन लावून दिला.

लग्नाला मी गेले नाही, घडवंचीला कोण नेतो? बिअर जरा गढूळ झाली होती असे नंतर कानावर आले. पण दोन्ही पिंपे रिकामी परत आली. जिन्याच्या मापाचा प्रश्न आर्लीनने तिथेही सगळ्यांसमोर विचारला, असेही कळले. आता लोर्ना दोन महिन्यांतून एकदा शहरातून येते. काम झाले की फळी खिशात घालून परत नेते, आणि ती फळी तिच्याकडे आहे म्हणून तिला पुन्हा यावे लागते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, गंज चढू देऊ नका, त्यांच्यावर टायर टाकून विसरू नका. आणि एखादी वस्तू थोडी लंगडी असेल, तर दुरुस्त करायच्या आधी एवढे विचारा की तिच्या लंगडेपणापायी तुमच्या घरी कोण येते. माझ्या चौथ्या पायाचे घासलेले टोक पुन्हा गंजले आहे. तो पाय अजून बोटभर तोकडा आहे. तो कुणी जोडू नका.