कोपर वर

"आज मीही येतोय मॅचला," डॉइल म्हणाला, आणि माझ्या हातून तव्यावरच्या अंड्याचा बलक फुटला.

हंगाम संपत आला तरी हा गृहस्थ मैदानाकडे फिरकला नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी सगळं हॅस्केट गाव दुकानांना कुलपं लावून स्टेडियमकडे निघायचं, आणि आमचे साहेब गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून रेडिओ ऐकायचे. मी घरी आले की मॅचमध्ये काय झालं ते मलाच समजावून सांगायचे. मी तिथे जाऊन बघून आले होते हे त्यांच्या गावीही नसायचं.

"अंडं फुटलं," मी म्हटलं.

"खाईन तसंच. तो विद्यापीठाचा माणूस येतोय आज गॅरेटला बघायला. पोरगं शेंबडं होतं तेव्हापासून शिकवलंय मी त्याला. आज मी काय घरी बादलीवर बसू?"

आता यावर बायकोने काय बोलावं? बापाने पोराचा खेळ बघायला जायचं नाही, असं कुठल्या तोंडाने सांगणार? मी अंडं त्याच्या ताटात वाढलं.

आमच्याकडचा फुटबॉल हाताने खेळायचा, आणि त्यात सगळा जीव क्वार्टरबॅकमध्ये. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, आणि समोरचे धिप्पाड गडी अंगावर येऊन आदळायच्या आत त्याने तो दूर पळणाऱ्या आपल्या माणसाकडे अचूक फेकायचा. जिंकले तर त्याच्यामुळे, हरले तरी त्याच्यामुळे. आणि त्याच्यावर कोच. गेल्या वर्षी आमच्या शाळेचा क्वार्टरबॅक आमचा गॅरेट होता, आणि हेड कोच त्याचा बाप, डॉइल हचेन्स. एकाच घरात दोन दोन सुळावरच्या पोळ्या.

गॅरेटच्या हाताचं गावाला लहानपणापासून कौतुक. पण गेल्या वर्षी त्या हाताला काय झालं देव जाणे. चेंडू आपला माणूस सोडून सगळ्यांच्या हातात जायला लागला. संघ हरत गेला तशी गावात दोन मतं झाली. अर्धे म्हणायचे, बाप मायेपोटी पोराला बाहेर बसवत नाही. अर्धे म्हणायचे, बापच पोराचं वाटोळं करतोय. एका शनिवारी सकाळी बघते तर अंगणात 'घर विकणे आहे' अशी पाटी रोवलेली. कोचला 'आता निघा' म्हणून सांगायची ही आमच्या भागातली रीत. पाटीमागे मर्ल गॉसेटच्या हार्डवेअरच्या दुकानाचं लेबल तसंच चिकटलेलं होतं. म्हणजे लाज तर नाहीच, अक्कलही नाही. डॉइलने ती उपटली आणि तिच्या खुंटीला माझं टोमॅटोचं झाड बांधून टाकलं.

हिवाळ्यात शाळेने त्याला निरोपाचं घड्याळ दिलं. आता तो कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. गॅरेट त्याला मैदानावरही कोच म्हणायचा आणि घरीही कोचच म्हणायचा. नोकरी गेल्यावर पोराला बापाला काय म्हणावं तेच कळेना. मग 'हे बघा', 'ऐकता का' असं सुरू झालं, जसा काही घरात पाहुणा राहायला आलाय.

आणि मग नवा कोच आला. झमारिपा नावाचा, चाळिशीही न गाठलेला, बारीक आवाजाचा माणूस. मी त्याचा मनापासून राग करायचं ठरवलं होतं. पण मेला वागायला इतका चांगला की राग धरावा तरी कुठे? मी शाळेच्या जेवणघरात वाढते. हा रोज मुलांच्या मागे रांगेत उभा राहतो, ताट स्वतः नेऊन ठेवतो, आणि त्याच्या आजोळच्या झाडाच्या अक्रोडासारख्या पेकानची पिशवी मला आणून देतो. आणि त्याच्या हाताखाली आमचा गॅरेट पहिल्याच सामन्यापासून असा खेळायला लागला की लोक उभे राहून ओरडायचे. चर्चमध्ये ज्या बायका माझी नजर चुकवायच्या, त्या गळ्यात पडायला लागल्या. मला आनंद व्हायचा. मग त्या आनंदाचाच राग यायचा. जे माझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत जमलं नाही, ते या माणसाने येताक्षणी केलं, याचा आनंद बायकोने कसा करायचा? आणि आईने कसा नाही करायचा?

घरी डॉइलचं वेगळंच. "बघ, आता बसलं त्याच्या अंगात," तो म्हणायचा. "कोपर वर, पाय स्थिर. मी तेच तर सांगत होतो. हो की नाही?" मी हो म्हणायचे.

शेवटी न राहवून मी एकदा झमारिपाला ताट वाढता वाढता विचारलं, की तुम्ही माझ्या पोराला केलंत तरी काय? तो म्हणाला, काहीच नाही. गॅरेटला सगळं येतच होतं, ज्याने शिकवलं त्याने पक्कं शिकवलंय. फक्त चेंडू हातातून सुटला रे सुटला की हा मान वळवून कोचकडे बघायचा. कुठे पडला ते बघायच्या आधी. "मी म्हटलं, माझ्याकडे बघायचं नाही. चुकलं तर चुकलं." मग त्याने ताटातले बटाटे उगाच चमच्याने सारखे केले. "बाई, कोच हचेन्स मॅचला येत नाहीत, ते बरं आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

आणि ताट घेऊन तो गेला. बोलायचं राहिलंच काय होतं?

तर ते हे असं. मला माहीत होतं, आणि डॉइलला माहीत नव्हतं, आणि आज तो येणार होता. बापाला सांगितलं तर तो मोडेल. नाही सांगितलं तर पोराचं कॉलेज हातचं जाईल, कारण खेळ बघून फुकट शिकवणारं विद्यापीठ काही दर शुक्रवारी दारात येत नाही. दुपारी गॅरेट जर्सी घालून जेवायच्या रांगेत आला तेव्हा मी निदान त्याला तरी आधी सांगावं म्हणून सांगितलं, की बाबा येताहेत.

तो थांबला. मागच्या पोराचं ताट त्याच्या पाठीत लागलं.

"कुठे बसणार?" त्याने विचारलं.

"माझ्याशेजारी. नेहमीच्या जागी."

"बरं," म्हणाला, आणि भरलेलं ताट तसंच टेबलावर ठेवून निघून गेला. येऊ नको म्हणून सांग, असं तो म्हणाला असता तर मी सांगितलं असतं. पण तोही बापासारखाच. बोलेल तर शपथ.

संध्याकाळी गार वारा सुटला होता. डॉइलने दाढी केली होती, शर्टाला इस्त्री केली होती. शाळेची टोपी घालू की नको यावर आरशापुढे बराच वेळ गेला, शेवटी जिनिंगची घातली. स्टेडियमच्या फाटकात मर्ल गॉसेटने त्याच्या पाठीत थाप मारली आणि 'कोच' म्हणून हाक मारली. डॉइल हसला. मी नाही हसले. मला ते टोमॅटोचं झाड आठवलं.

सामना सुरू झाला. गॅरेटने पहिला चेंडू फेकला, बरा गेला. दुसरा फेकला तो सरळ समोरच्या संघाच्या पोराच्या हातात. आणि गॅरेटने वर पाहिलं. कडेला उभ्या झमारिपाकडे नाही, चेंडूकडे नाही. एवढ्या गर्दीत नेमकं आमच्याकडे.

शेजारी डॉइलचा हात वर गेला होता. डाव्या हाताने त्याने उजव्या हाताचं कोपर धरलं होतं आणि वर उचललं होतं. कोपर वर. मैदानाच्या कडेवरून वर्षानुवर्षं केलेली खूण.

पुढचे तीन-चार चेंडू गॅरेट कोपर वर करूनच फेकत होता, ताठ, लाकडासारखा. एकही धड गेला नाही. दर वेळी फेकून झालं की मान वर. आमच्या मागचा कुणीतरी म्हणाला, झालं, गेल्या वर्षीचा गॅरेट आला परत. विद्यापीठाचा माणूस कोण ते मला ठाऊक नव्हतं, पण कुठल्या तरी बाकावर कुणीतरी आपला पेला खाली ठेवून घरी जायचा विचार करत असेल असं मला सारखं वाटत होतं.

मग डॉइलने आपल्या हाताकडे पाहिलं. कोपर अजून धरलेलंच होतं. त्याने ते सावकाश सोडलं. खाली मैदानातून पोरगं वरच बघत होतं. डॉइलने त्याच्याकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला, थंडी वाजत असल्यासारखा.

"कॉफी आणतो," तो म्हणाला.

"मी आणते."

"बस तू."

तो उठून गेला. गॅरेटने पुढचा चेंडू फेकला आणि वर पाहिलं. माझ्याशेजारी रिकामी जागा. मी हात हलवला, का ते मला अजूनही सांगता येणार नाही. तो क्षणभर तसाच उभा राहिला. आणि त्यानंतर, काय सांगू, तो खेळायला लागला. चेंडू दोरीने ओढल्यासारखे आपल्या माणसाच्या छातीवर जायला लागले. लोक उभे राहिले, बँड वाजला, मागचा तो मघाचा माणूस माझ्या खांद्यावर बुक्के मारत होता. मी टाळ्या वाजवत होते आणि रडत होते, आणि दोन्ही एकाच कारणासाठी.

कॉफी काही आली नाही. मध्यंतर झालं तशी मी खाली उतरले. पार्किंगमध्ये गाडी होती, गाडीत तो नव्हता. शौचालयापाशी नव्हता. मग बाकांच्या खाली, जिथे खेळाडूंच्या आया खाण्याचा स्टॉल चालवतात, तिथली रांग फाटकापर्यंत गेलेली दिसली. आत त्या आयांपैकी ट्वायला एका खुर्चीवर कंबर धरून बसली होती, आणि तिचा एप्रन बांधून डॉइल लोकांना चिलीचा तिखट खिमा वाढत होता. हॉटडॉग, चिली, वर कांदा. हात सराईत चालत होता.

रांगेत पुढे मर्ल गॉसेट.

"कोच! पोरगं काय फेकतंय! आणि तुम्ही इथे खाली?"

"मिरची घालू का?" डॉइलने विचारलं.

मी मागच्या दाराने आत गेले. ट्वायला म्हणाली, तुम्ही दोघं जा वर, मी बघते. पण तिला उभंही राहवत नव्हतं. मी एप्रन बांधला. मध्यंतर संपलं, लोक पळत वर गेले, रांग ओसरली. स्टॉलमधून मैदान दिसत नाही. वरच्या फळ्यांच्या फटींतून फक्त माणसांचे बूट दिसतात.

डॉइल काउंटर पुसत होता. पुसलेलंच परत पुसत होता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"त्याला?"

"त्यालाही असणार."

"पण तो फेकतो ते मी शिकवलेलंच आहे, नेड्रा."

"तुझंच आहे सगळं. नवा कोचही तेच म्हणतो."

"मग?"

मी त्याच्या हातातलं फडकं घ्यायला गेले तर त्याने सोडलं नाही. म्हणून मग तसेच दोघं एक फडकं धरून उभे होतो.

वर एकदम सगळे बूट एका वेळी उठले. फळ्या धडधडायला लागल्या, धूळ चिलीत पडू नये म्हणून मी पातेल्यावर झाकण टाकलं. डॉइल मान वर करून फळ्यांकडे बघत होता.

"आपले की त्यांचे?" त्याने विचारलं.

"आपले. बँड आपला वाजतोय."

त्याने मान हलवली. मग फडकं माझ्या हातात सोडलं आणि खालचा खोका ओढला.

"पाव काढ अजून," तो म्हणाला. "आता येतील सगळे."