रजेत बसवलेलं शिखर

कुवेतमध्ये डोंगर नाही, साधं टेकाडही नाही. उड्डाणपूल चढला की झाली चढाई. म्हणून मी आणि माझा नवरा गुरुप्रसाद फिंतासमधल्या आमच्या इमारतीचा जिना चढायचो. पायात ट्रेकचे बूट, पाठीवरच्या सॅकमध्ये बासमतीच्या पिशव्या. तळापासून गच्चीपर्यंत, मग खाली, मग परत वर. इमारतीचा राखणदार अशरफ रोज न चुकता सांगायचा की लिफ्ट चालू आहे. महाराष्ट्र मंडळातल्या बायका तोंडावर हसायच्या. हसोत बापड्या. नाशकात असताना आजूबाजूचे सगळे गड आम्ही जोडीनं पालथे घातले होते, आणि २००४ च्या रजेत नेपाळमधलं सहा हजार मीटरच्या वरचं शिखरही जोडीनंच करायचं ठरलं होतं.

ऐन वेळी माझा इकामा, म्हणजे कुवेतमधला राहण्याचा परवाना, नूतनीकरणात अडकला. पासपोर्ट सरकारी कचेरीत, मी कुठली देशाबाहेर पडते! जिन्यावर धाप लागत नाही ती तिथे काय लागणार, म्हणत गुरू एकटाच गेला. पण जिन्यावर दम वाढतो, विरळ हवेची सवय होत नाही. त्यासाठी वाटेत मुक्काम करत, अंगाला सवड देत चढावं लागतं. या शहाण्यानं रजेत बसावं म्हणून नेमके तेच मुक्काम छाटले.

बेस कॅम्पवरून त्यानं सॅटेलाइट फोन केला तेव्हा तो वाक्यावाक्याला खोकत होता. डोकं फुटतंय म्हणाला, अन्न जात नाही म्हणाला. मी सांगितलं, आत्ताच्या आत्ता खाली उतर, बरं वाटलं तर मग चढ.

"उतरलो तर परत चढायला रजाच उरत नाही गं," तो म्हणाला. "उद्या पहाटे निघतो. एवढं झालं की आलोच."

मी रडले, वाटेल ते बोलले. फोन कटला.

हा मेला रजेपायी जीव देणार, हे मला लख्ख कळलं. रजा वाढवून मागायला टॅक्सी करून थेट त्याच्या ऑफिसात गेले. त्याचे साहेब विश्वास दातार, मुंबईचे. देखभालीसाठी प्लँटचं शटडाउन तोंडावर आलंय, गुरुप्रसादशिवाय चालणार नाही, असं ते समजुतीच्या सुरात सांगत बसले. माझं टाळकंच सटकलं.

"तो आलाच नाही तर कसं चालवणार आहात?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी एक आठवडा वाढवून दिला आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. माझा जीव भांड्यात पडला. आता तो उतरेल, विसावेल, नीट चढेल. मी त्यांच्यासमोरच नंबर फिरवला.

कॅम्पवरच्या स्वयंपाक्यानं उचलला. हवा बिघडणार असं कळलं म्हणून गुरुसाहेब थांबले नाहीत, शेर्प्याला घेऊन मघाशीच वर गेले, म्हणाला. वॉकीटॉकीवर त्यानं हाका मारून बघितल्या, उत्तर येईना. मी म्हटलं, कुणाला तरी मागे पाठव, हात जोडते. कॅम्पवर मी एकटाच आहे, म्हणाला. मग मला दुसरं काही सुचेना. रजा वाढली म्हणून सांगा, रजा वाढली म्हणून सांगा, एवढंच मी घोकत राहिले.

"आयेंगे तो बोल देगा, दीदी," तो म्हणाला.

समोरून दातार हसत विचारत होते, गुरू खूश झाला का.