विहिरीच्या तीन लेकी

ही गोष्ट दोन हजार बावीस सालची. निलंग्याच्या अलीकडे रस्त्याला लागून चतुराबाईंचं शेत आहे आणि शेतात त्यांच्या सासऱ्यांनी पाडलेली विहीर. चतुराबाई लग्न होऊन आल्या तेव्हा भर उन्हाळ्यातही तिचं पाणी दातांना लागायचं. घरात बाळंत झालेली प्रत्येक सून सव्वा महिन्यानं या विहिरीची पूजा करून मगच घागर उचलत आलेली.

आदल्या वर्षी शेजारच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली डिझेलची टाकी झिरपली. पाण्याला वास येऊ लागला, जनावरं तोंड लावेनात. पंपाचा मालक शेषेराव घरी येऊन हात जोडून गेला आणि रोज पाण्याचा टँकर पाठवू लागला. विहिरीवर जाळी बसली.

तपासणीला भूजल तपासणाऱ्या कचेरीतून तनुजा आली. मूळची किनवटची, वसतिगृहात वाढलेली, त्यामुळे कुणाच्याही चुलीपाशी बसायला तिला संकोच नसे. तिनं पंप आणि विहीर यांच्या मध्ये तीन बारीक बोअर पाडून घेतली. त्यांतून पाण्यावर तरंगणारं डिझेल मोटारीनं ओढून पिंपांत भरलं जाई. दर महिन्याला ती बोअरमध्ये मोजायची फीत सोडी. तेल लागलं की फीत सलग वाजे, पाणी लागलं की थांबून थांबून. चतुराबाईंना ते दोन्ही आवाज कुकरच्या शिट्टीसारखे ओळखीचे झाले. शेत त्यांचं म्हणून बोअरच्या झाकणांच्या किल्ल्याही त्यांच्याच घरी खुंटीला असत.

दिवाळीपासून तिन्ही बोअर स्वच्छ होती. डिसेंबरची तपासणी तशीच निघाली तर विहीर उघडू, असं तनुजानं सांगितलं. त्यातच नातू बालाजीची बायको बबिता बाळंतीण झाली. सव्वा महिना जानेवारीत भरणार होता. पणतवंडाची विहीर टँकरच्या नळीवर पुजायची नाही, हे चतुराबाईंनी मनाशी पक्कं केलं.

मग मार्गशीर्षातली, शेत पुजायची वेळ अमावस्या आली. पूजेसाठी कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, उभी राहिली, शेंगा-भाज्यांची भज्जी शिजली, जिरं घातलेली ताकाची आंबील शेतभर शिंपली गेली. गेल्या वर्षी चुकलेलं यंदा नीट करायचं म्हणून चतुराबाई स्वतः फिरल्या. पाण्याच्या ठिकाणी आंबील आणि वर तेलाची धार, ही त्यांच्या घरची रीत.

चार दिवसांनी तनुजानं पहिल्या बोअरमध्ये फीत सोडली आणि ती सलग वाजली. दुसऱ्यात तसंच, तिसऱ्यातही. तनुजा हळू आवाजात म्हणाली की मोटार पुन्हा लावावी लागेल, पुढचा उन्हाळाही कदाचित असाच जाईल. चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला. सासऱ्यांच्या विहिरीला आपल्या हयातीत कुणी पुजणार नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

तनुजानं पाण्याचा नमुना वर काढला. नळी उन्हात धरून ती बराच वेळ बघत राहिली, मग वास घेतला, आणि चतुराबाईंकडे वळली.

"आजी, डिझेलमधी जिरं कुठनं आलं?"

चतुराबाईंना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्या ठसक्यात म्हणाल्या, "येळामावस्या होती. हिरीला जाळीतनं दिलं, अन् हिच्या ह्या तीन लेकी उपाशी ठिवू व्हय?"

"तेल कोणतं?"

"करडीचं. घाण्याचं हाय, भेसळ न्हाई."

बालाजी हसून लोळायचा राहिला. तनुजाही हसली, पण किल्ल्या मात्र मागून घेतल्या. तिन्ही बोअरमधलं पाणी उपसून काढलं, खाली नवं पाणी भरू दिलं आणि नमुने पुन्हा तपासायला पाठवले. उत्तर यायला संक्रांत उलटली. तोवर बबिताची पूजा चतुराबाईंनी अडवून धरली. बाळंतिणीला घराबाहेर पडू देईनात म्हणून बबिता कुरकुरत होती, तर चतुराबाई म्हणायच्या, "दम धर माय, तिचंबी बाळंतपण चालू हाय."

पाणी स्वच्छ निघालं. जाळी निघाली त्या दिवशी बबितानं लेकीला मांडीवर घेऊन विहीर पुजली.

शेषेरावनं पुढे दुहेरी पत्र्याची टाकी बसवली. टँकर थांबल्यावरही तो चहाला येतोच. तनुजा आता नांदेडकडच्या कामावर असते, पण वेळ अमावस्येला भज्जी खायला चुकत नाही. बालाजी विहिरीवर नवी मोटार बसवून ऊस घेतो. ती मुलगी बालवाडीत जाते. तिन्ही बोअर अजून आहेत, वर्षातून एकदा तपासतात, आणि किल्ल्या तनुजाच्या कचेरीत असतात. चतुराबाई मात्र वेळ अमावस्येला प्रत्येक झाकणावर आंबिलीचं बोट टेकवल्याशिवाय घरी परतत नाहीत.